बटणावर जगत नाही मी

मी बॅटरी बोलतेय. बुऱ्हाणपुरात, बुधवारा मोहल्ल्यातल्या श्रीकांत मास्तरांच्या पांढऱ्या मोटारीतली. मी मेले, असं गल्लीभर सांगून झालंय. म्हणून आधीच बजावते, मी मेलेली नाही.

माझा जन्म कारखान्यातला. शिशाच्या पट्ट्या, तेजाब आणि वरून काळी पेटी, एवढंच माझं शरीर. पण इंजिनाला पहिला धक्का मीच देते. त्यात माझी बरीच ताकद जाते, आणि गाडी रस्त्यावर पळाली की ती मला परत मिळते.

मास्तरांनी निवृत्त झाल्यावर हौसेनं गाडी घेतली. नशिबानं दारासमोरच उभी करायला जागा मिळाली, आणि तिथेच घोडं अडलं. गाडी हलवली तर जागा जाईल! मग गाडी हलेचना. त्यांच्या पत्नी सुमनताई गाडी शिकल्या, लायसन्स काढलं. पण खकनारला बहिणीकडे जायच्या बसनंच.

"अहो, दारात गाडी असून मी बसला लटकू?"

"डायरेक्ट बस आहे ना? फिर काय प्रॉब्लम? जागा गेली तर कोण देणार?"

उभ्या गाडीची बॅटरी उतरते, हे मात्र मास्तरांनी कुठूनतरी ऐकलं होतं. त्यावर उपाय म्हणून त्यांना रिमोट सापडला. रोज पूजा आटोपली की स्वारी गॅलरीत, एका हातात उदबत्ती, दुसऱ्या हातात रिमोट. बटण दाबलं की खाली इंजिन आपोआप सुरू. एसीही सुरू, रिकाम्या सीटांना गार वारा! तुळशीला उदबत्ती ओवाळून होईपर्यंत इंजिन चालायचं, मग बंद.

"झाली चार्ज!" मास्तर समोरच्या गजाननभाऊंना ओरडून सांगायचे.

कसली चार्ज? सुरू करण्यात जेवढं जायचं, तेवढंही परत मिळायचं नाही. हा माणूस रोज माझ्या ताटातलं काढून घ्यायचा आणि मला जेवू घातलं म्हणायचा. अशी चीड यायची मला!

एके सकाळी खकनारहून फोन आला. सुमनताईंच्या थोरल्या बहिणीच्या, धुरपदाबाईंच्या डोळ्यांवरची ऑपरेशननंतरची पट्टी निघाली होती. "सुमन, आता मले दिसतं. तू ये." सुमनताईंनी ठरवलं, आज गाडीनंच जायचं. आणि नेमकी त्याच दिवशी माझ्यातून नुसती टकटक निघाली.

मेकॅनिक मोतीलाल आला. दुसऱ्या बॅटरीच्या तारा जोडून त्यानं इंजिन सुरू करून दिलं. "काकाजी, इसका भरोसा नहीं. नई डलवा लो."

"ऐकलंस?" मास्तर म्हणाले. "बंद कर गाडी. नवी टाकू, मग पाहू. मोतीलाल, ही कबाड्याला दे रे."

कबाड्याला! म्हणजे भंगारात! माझं तेजाब उसळलं.

सुमनताई स्टेअरिंगवर बसल्या होत्या. "गाडी चालू आहे, मी निघाले. तुम्ही येता, की जागा राखता?"

मास्तर धावत येऊन शेजारी बसले. रिमोट मुठीतच होता.

मग रस्ता लागला. दोन्ही बाजूंना केळी, मध्येच कपाशी, आणि माझ्या पोटात किती दिवसांनी काहीतरी पडत होतं. मी अधाशासारखी घेत राहिले.

खकनारला दारात पोचल्यावर मास्तर घाबरले. "बंद नको करू! परत नाही लागली तर इथंच फसू ना!"

"बहिणीकडे आलेय. चालू गाडीत बसून राहू?" सुमनताईंनी इंजिन बंद केलं.

धुरपदाबाईंनी बहिणीचा चेहरा दोन्ही हातांत धरून डोळे भरून पाहिला. "गाडी कोनी आनली, माय?"

"मी आणली."

निघताना मास्तरांनी मोतीलालचा नंबर काढूनच ठेवला होता. मला भीती वाटली, खोटं का बोलू? मी हरले तर मी कबाडात जाणार आणि सुमनताई पुन्हा बसमध्ये. सुमनताईंनी गाडीतल्या स्टार्टच्या बटणावर बोट ठेवलं. होतं नव्हतं ते बळ मी एकवटलं, आणि इंजिन गुरगुरत उठलं.

"आता कधी येशील?" धुरपदाबाईंनी विचारलं.

"दर आठवड्याला. बॅटरी चार्ज ठेवायला पाहिजे ना! नाही का हो?"

मास्तरांनी रिमोट खिशात टाकला. बॅटरीची काळजी तर त्यांचीच होती.

आज मी त्याच गाडीत आहे. म्हातारी होतेय, एक दिवस कबाडात जाईनही. पण गॅलरीतून बटणं दाबणाऱ्यांनो, तोवर माझं ऐका. जिला चालवायचंय, तिला गाडी द्या. मग बघा, मी इंजिन उठवते की नाही!