चंदनचा भोवरा

क्षितिजाने यतीनच्या डोक्यावर केस लावले, तेव्हा तिला त्याचं नावही माहीत नव्हतं. तिच्या दृष्टीने ते फक्त एक मोठं कपाळ होतं.

मनोरमाबाई भाईंदर पश्चिमेच्या बाजारातून परस्पर दशरथकाकांच्या फोटो स्टुडिओत आल्या होत्या. पिशवीतली मेथीची जुडी बाजूला करून त्यांनी मुलाचा फोटो काढला आणि काउंटरवर ठेवला.

"मुलगा सोन्यासारखा आहे हो. सरकारी नोकरी, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. फक्त पुढून जरा विरळ आहे. कॉम्प्युटरवर भरून देता म्हणे तुम्ही?"

"किती वर्षांपूर्वीचे केस हवेत?" क्षितिजाने विचारलं.

मनोरमाबाई क्षणभर गोंधळल्या. मग खुलून म्हणाल्या, "कॉलेजातले द्या."

क्षितिजा फिजिक्समध्ये बी.एस्सी. झाली होती आणि बँकेच्या परीक्षांचे निकाल लागेपर्यंत घरी बसायला नको म्हणून स्टुडिओत आली होती. हे अठ्ठ्याण्णव साल. काकांनी तीस वर्षं निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून लोकांचे मुरूम घालवले होते. पण नवा कॉम्प्युटर आल्यापासून ते माउसला विंचवासारखं दोन बोटांनी धरत. त्यामुळे ते सॉफ्टवेअर शिकायचं काम क्षितिजाकडे आलं. त्यात शिक्क्याच्या चित्राचं एक हत्यार होतं. फोटोतली एक जागा दाखवायची, तिथली कातडी उचलायची आणि पाहिजे तिथे उमटवायची. चुकलं तर फक्त एक पाऊल मागे जाता यायचं, त्याच्या आधीचं विसरायचं. क्षितिजा प्रत्येक प्रयोग वहीत लिहून ठेवी.

वहीत माणसांचीही निरीक्षणं जमू लागली. काशीमीऱ्याचा एक हॉटेलवाला म्हणाला, "बेटी, पीछे काश्मीर डाल दे, और पेट थोडा कम." एका सोसायटीचे चेअरमन झेंडावंदनाच्या दिवशी गावाला होते, त्यांना फोटोत झेंड्याखाली उभं राहायचं होतं. क्षितिजाने त्यांना उभं केलं, तर आठवड्याने सेक्रेटरी आले, "मग मला त्यांच्या उजवीकडे घ्या." आणि बायकांबद्दल तिने लिहिलं होतं : गोरं कुणालाच व्हायचं नसतं, जावेपेक्षा एक छटा गोरं व्हायचं असतं.

काकांचा नियम एकच. "चेहरा दुकानात आला की दुकानातच राहतो. बाहेर बोललीस तर उद्यापासून येऊ नकोस."

मनोरमाबाईंच्या मुलासाठी तिला तशाच उजेडातले, तशाच कोनातले केस हवे होते. ते तिच्या धाकट्या भावाचे, चंदनचे निघाले. पासपोर्टसाठी काढलेला त्याचा फोटो कॉम्प्युटरमध्ये पडून होता. चंदन रोज चाळीस मिनिटं आरशासमोर असे. डाव्या बाजूला पुढेच भोवरा असल्याने तिथली एक बट कोंबड्याच्या तुऱ्यासारखी उभी राही, आणि त्याला तीच स्टाइल वाटे. क्षितिजाने ते सगळं टोपीसारखं उचललं आणि त्या कपाळावर बसवलं. काम इतकं झकास झालं की मनोरमाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्याच महिन्यात आईने तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"नीलमच्या हनुवटीवरची ती खूण काढता येईल का गं तुला?"

नीलम तिची मोठी बहीण, शाळेत गणित शिकवायची. ती खूण क्षितिजाचीच करणी होती. सहा वर्षांची असताना तिने ताईचा झोका किती उंच जातो हे पाहायला जोर लावला होता, आणि उत्तर सहा टाक्यांचं आलं होतं. आता तीन स्थळं फोटो पाहून परत गेली होती.

"ताईला विचारू?"

"काही विचारू नकोस. ती नाहीच म्हणेल. मी पाकीट परस्पर विवाह मंडळात देते."

पंधरा वर्षं मनात बोचणारी गोष्ट क्षितिजाने अकरा मिनिटांत पुसली. खरं सांगायचं तर तिला फार हलकं वाटलं.

मग मंडळाकडून एका मुलाचा फोटो भाईंदरच्याच इंद्रलोक वस्तीतल्या क्षितिजाच्या घरी आला. नीलमने तो नीट न्याहाळला. "बरा वाटतोय. डोळे हसरे आहेत." तिने फोटो क्षितिजाकडे दिला.

कोंबड्याचा तुरा क्षितिजाने लगेच ओळखला.

"काय गं, एवढी पांढरी का पडलीस?"

"छान आहे," क्षितिजा म्हणाली. तिथून पुढे चार दिवस ती मनात दोन्ही बाजू मांडत राहिली. सांगावं तर काकांचा शब्द मोडतो. न सांगावं तर ताई फसते. आणि तिकडे तो फसतोय, त्याचं काय? प्रयोगशाळेत दोन चुका कधी कधी एकमेकींना खोडून टाकतात, अशी तिने स्वतःची समजूत घातली. ते नेहमी घडतं असं मात्र तिला कुणी शिकवलं नव्हतं.

रविवारी पाहुणे आले. दार चंदनने उघडलं. मनोरमाबाईंनी आधी त्याच्या केसांकडे पाहिलं, मग मागे उभ्या असलेल्या क्षितिजाकडे पाहिलं, आणि त्यांच्या हातातला पेढ्यांचा बॉक्स वाकडा झाला.

"या ना, या," बाबा म्हणाले. मागून यतीन आत आला. पावसाने धुतलेल्या खिडकीच्या काचेसारखं त्याचं कपाळ स्वच्छ चमकत होतं. आईने त्याच्या मागे जिन्यात डोकावून पाहिलं, अजून कुणी यायचंय का म्हणून.

नीलम पोहे घेऊन आली. यतीनने तिच्या हनुवटीकडे पाहिलं. तिने त्याच्या कपाळाकडे पाहिलं. शेवटी यतीननेच खिशातून फोटो काढला.

"रागावू नका, पण ह्या तुम्हीच ना?"

नीलमने बशी खाली ठेवून फोटो हातात घेतला. बराच वेळ बघितला. मग टीपॉयवरच्या मासिकाखालून दुसरा फोटो काढून त्याच्यासमोर धरला. "आणि हे तुम्ही?"

यतीनने आ वासला. "आई! हे काय आहे? हे केस कुणाचे?"

"माझे!" चंदन मागून वाकून ओरडला. "हा माझा भोवरा आहे! ए, माझे केस मला न विचारता दिले कुणी?"

मनोरमाबाईंनी क्षितिजाकडे बोट दाखवलं. आईनेही दाखवलं. मग दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि बोटं खाली घेतली.

"क्षिते, इकडे ये," नीलम म्हणाली. आवाज शाळेतला होता. "ही खूण तू केलीस, त्याबद्दल मी तुला कधी एक शब्द बोलले?"

"नाही ताई."

"रोज आरशात बघते मी ती. माझी आहे ती. पुसताना एकदा विचारावंसं वाटलं नाही तुला?"

क्षितिजाने मान खाली घातली, आणि आईनेही पदर सारखा करत तोंड फिरवलं.

यतीनने पोह्यांची बशी उचलली. "म्हणजे आपण दोघांनी एकमेकांचे फोटो अजून पाहिलेलेच नाहीत," तो म्हणाला. "मग आत्ता प्रत्यक्षच बघून घेऊ. मला तरी नापसंत करण्यासारखं काही दिसत नाहीये. तुमचं तुम्ही ठरवा, माझ्याकडे आणखी लपवायला काही उरलेलं नाही."

नीलमला हसू आवरलं नाही. दोघं खाली सोसायटीच्या आवारात जाऊन तासभर बोलत उभी राहिली. वर चंदन मनोरमाबाईंना केसांना कुठलं तेल लावतो ते समजावत होता.

पण क्षितिजाशी नीलम पाच दिवस बोलली नाही. क्षितिजाने मूळ निगेटिव्हवरून फोटोची नवी प्रिंट काढली आणि तिच्या उशीवर ठेवली. सकाळी प्रिंट नव्हती, पण ताईचं तोंड तसंच बंद. क्षितिजाने काकांना सगळं सांगून टाकलं. काका चिडले नाहीत. तिची वही तिच्यापुढे सरकवून एवढंच म्हणाले, "वहीत लोकांचं लिहितेस. आता हेही लिही." तिने लिहिलं : ज्याचा चेहरा, त्याला आधी विचारायचं. आयांना नाही.

दोन्हीकडून होकार झाला, तशी शनिवारी नीलम आणि यतीन स्टुडिओत आले. काकांनी त्यांना स्टुलावर जोडीने बसवलं, फ्लॅश उडवला. सोमवारी फोटो पडद्यावर आला तेव्हा शाळेतून परतताना नीलम क्षितिजाच्या मागे येऊन उभी राहिली. क्षितिजाने माउसवरचा हात काढून घेतला.

"नाकावर पुटकुळी आलीय," ती चाचरत म्हणाली. "काढू का, ताई?"

नीलमने वाकून पुटकुळीकडे नीट पाहिलं. विचार केला. परत पाहिलं.

"ती काढ," ती म्हणाली आणि क्षितिजाची वेणी ओढली. "पण हनुवटीला हात लावलास तर बघ."