आत्याचा खालचा सूर

माघातल्या एका सोमवारी डॉक्टरांनी मला सांगितले की आत्याच्या स्वरयंत्रात कर्करोग आहे. मी ते आत्याला सांगितले. तिने पदर सारखा केला आणि घोगऱ्या स्वरात विचारले, "यमूचे हलदीला गाता येल ना माला?"

यमू शेजारच्या भिकीकाकूंची मुलगी, आत्याच्याच ओसरीवर वाढलेली. आणि आत्या तारापूरकडच्या आमच्या वाड्यांची धवलारीण. भटजींचे मंत्र होत. पण आत्याने धवले, ती लग्नातली गाणी, म्हटल्याशिवाय नवरीला हळद चढली असे आमच्याकडे कोणी मानीत नसे. ती ओळ म्हणायची, बायका ती उचलायच्या. तिचा सूर उंच होता, ताडाच्या झावळ्यांत दुपारचा वारा सळसळावा तसा कोरडा आणि लख्ख. पावसाळ्यापासून तो बसला होता. आम्ही खाऱ्या हवेला दोष देत राहिलो.

डॉक्टर म्हणाले, रोग अगदी आरंभी आहे, कापावे लागणार नाही, किरणांनी जाईल. आम्ही त्याला लाईट लावणे म्हणू लागलो. मुंबईच्या त्या इस्पितळात आत्या रोज एका खोलीत एकटी निजे, जाड दार लागे, आणि मी बाहेर बाकावर पुस्तक उघडून एकच ओळ वाचीत बसे. थोड्या वेळाने ती बाहेर येई. काही दुखले नव्हते, काही दिसले नव्हते. जे दिसत नाही ते रोग कसे नेते, आणि नेताना आणखी काय उचलते, हे मला तेव्हा उमगले नाही. आजही उमगत नाही. तिच्या गळ्यावर जांभळ्या शाईच्या रेघा होत्या, त्या पुसायच्या नव्हत्या. रेघांमधली कातडी हळूहळू काळवंडली. घास उतरेना. बोलायची मनाई होती, तेव्हा तिचे हात बोलू लागले. धर्मशाळेच्या खिडकीशी बसून ती गुडघ्यावर बोटांनी धवला चालवी, आणि जिथे बायकांनी ओळ उचलायची तिथे तळवा किंचित वर करी. त्या निःशब्द गाण्याइतके भरलेले गाणे मी ऐकलेले नाही.

पावसाळा सरताना डॉक्टरांनी गळा तपासून सांगितले, रोग गेला. आवाज परत आला होता, पण खालचा, जाड, ओल्या वाळूवरून होडी ओढावी तसा. मार्गशीर्षात भिकीकाकू नारळ घेऊन बोलवायला आल्या. तारापूरला तेव्हा अणुवीज केंद्राचे बांधकाम चालू होते आणि गावाला थट्टेला नवा विषय मिळाला होता.

"तुजे गल्यात आता लाईट हाय, वयनी," काकू म्हणाल्या. "मांडवात बत्ती नको लावाया."

"मंग माला टांग ना मांडवाचे मेढीला," आत्या म्हणाली, आणि दोघी खोकला येईपर्यंत हसल्या.

हळदीच्या सकाळी आत्याने डोळे मिटून पहिली ओळ म्हटली. तळवा वर केला. कोणी ओळ उचलली नाही. तिने दुसरी म्हटली. बायका तिच्याकडे पाहत राहिल्या. तिसरी ओळ तिने अर्ध्यावर सोडली, यमूच्या गालाला हळद लावली आणि ती मागच्या दाराने घरी गेली. पुन्हा कधी गायली नाही. मी विचारले तर म्हणे, "माज्या बायांना नाय आवडला रे." बायका किरणांना भ्याल्या, असे मला वाटे. कधी वाटे, तिलाच तो सूर परका झाला असेल.

अनेक वर्षे ती जगली. गळ्याने तिला पुन्हा त्रास दिला नाही. म्हातारपणीच्या तापाने ती गेली. दहाव्याला भिकीकाकू माझ्याजवळ बसून जमीन उकरू लागल्या.

"त्या दिशी आमाला वाटला, ती गला साफ करते," त्या म्हणाल्या. "तिचा आवाज कवा लागतो त्याची वाट बघीत व्हतो आमी. तोच आता तिचा आवाज हाय, ह्या ती उठून गेल्यावर समजला. मंग तिला कोन तोंडाने सांगनार?"

हे आत्याला कळले असते तर ती हसली असती की रडली असती, मी ठरवू शकत नाही. रोग हरला, सूर बदलून का होईना परतला, बायका त्याचीच वाट पाहत होत्या. आणि तरी गाणे संपले. यात चूक कुठे झाली ते शोधायला जातो आणि मला कोणीच दोषी सापडत नाही.

यमूच्या मुलीला धवल्याच्या दोन ओळी येतात. पुढच्या ओळी कोणालाच येत नाहीत.