तुमिनीच्या खोलीचा बदामी रंग

मी भिंतीवरचा रंग बोलतोय. बदामी, गुळाच्या चहात दूध जरा जास्त पडावं तसा. इंडोनेशियातल्या पूर्व जावात, पोनोरोगोजवळच्या खेड्यात, एका नव्या घराच्या भिंतींवर मी असतो. या घरात कुणीच राहत नाही. ही माझी तक्रार आहे आणि ती मी हळू आवाजात करणार नाही.

मला निवडलं तुमिनीने. नऊ वर्षं ती तैवानमध्ये एका म्हातारीची सेवा करते आहे. म्हातारीची लेक तिची मालकीण; तिच्या दिवाणखान्यातली भिंत ती रोज ओल्या फडक्याने पुसते. त्याच भिंतीचा फोटो तिने वडिलांना पाठवला. माझ्या घराला हाच रंग द्या, या लबारानला मी येतेय, असं कळवलं.

लबारान म्हणजे इथली ईद. तिच्याआधी गावात घरोघरी रंग देतात. तुमिनीच्या वडिलांनी, साकिमानबाबांनी, रोजे धरून, घशाला कोरड पडलेली असताना माझे दोन हात दिले. मग हुकूम सोडला, की खिळा ठोकायचा नाही. स्वतः मात्र बायकोबरोबर मागच्या जुन्या बांबूच्या स्वयंपाकघरातच झोपत राहिले.

शेजारीण कार्सिह येऊन टोमणा मारून गेली. "पोनियेम, पोरीनं एवढं घर बांधलं. तुम्ही काय त्याचे राखणदार?"

"आधी ती झोपेल, मग आम्ही," तुमिनीची आई म्हणाली.

ईदच्या सकाळी तुमिनी आली नाही, तिचा फोन आला. म्हातारी पडली होती. मालकिणीने रजा रद्द केली होती. पुढच्या वर्षी बघू म्हणाली. हे 'पुढच्या वर्षी' चौथं. करारात रजा लिहिलेली आहे. ती दरवर्षी कोण गिळतं, हे विचारायला पोरींना परदेशी कामाला पाठवणारा एकही दलाल या दारात आला नाही.

पोनियेमआईंना अंधुक दिसतं. फोनच्या पडद्यावर त्यांना लेक दिसली आणि तिच्या मागे मी. हुबेहूब मी. त्यांनी फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि माझ्यावर हात टेकत आतल्या खोलीकडे निघाल्या.

"कुठं चाललीस?"

"आली की ती. आत उभी आहे, दिसत नाही तुम्हाला?"

फोनमधून तुमिनी हळूच म्हणाली, "आई, ती इकडची भिंत आहे गं."

त्या तरीही खोलीत जाऊन बघून आल्या.

पाहुणे म्हणाले, काय छान, उबदार रंग आहे. उबदार? रिकाम्या खोलीत कुठला रंग ऊब देतो? सहा महिने झाले. इतर घरांतल्या रंगांवर डोक्याच्या तेलाचे डाग आहेत, पोरांच्या पेन्सिलीच्या रेघा आहेत. मी पहिल्या दिवसासारखा कोरा आहे आणि मला त्याची लाज वाटते.

तुमिनीची वाट मीही बघतोय. पण बाबा, आई, तोवर तुम्ही तरी आत या. साकिमानबाबा घोरतात म्हणे. मागचा आवाज माझ्यापर्यंत पोचत नाही. आजपासून इथे घोरा.