तिसरा रकाना

सुहासने पाठवलेलं प्रूफ वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इंदूरहून उज्जैनची पहिली बस पकडली आणि रस्ताभर लाल पेनाने रेघा ओढत राहिले. धक्क्यांनी रेघा वेड्यावाकड्या गेल्या. जाऊ देत म्हटलं. एकसष्ट गोष्टी होत्या आणि एकसष्टही थापा होत्या.

सुहास माझा धाकटा भाऊ. बँकेतून रिटायर झालाय, आणि तेव्हापासून त्याला भलभलती कामं सुचतात. येत्या गुरुवारी अण्णांचं वर्षश्राद्ध. सिद्धवटावरचं कार्य आटोपलं की नातेवाइकांना आणि जुन्या विद्यार्थ्यांना वाटायला त्याने अण्णांची वही छापायला काढली होती. त्याला माझी ना नव्हती. अण्णांनी, म्हणजे मधुकर मास्तरांनी, चाळीस वर्षं इथल्या शाळेत इंग्रजी शिकवलं आणि ती वही म्हणजे त्यांची आयुष्याची कमाई. पानावर तीन रकाने. पहिल्यात इंग्रजी वाक्प्रचार, दुसऱ्यात मराठी अर्थ, तिसऱ्यात तो आला कुठून. दोन चांगल्या पुस्तकांत सापडलं तरच तिसरा रकाना भरायचा. नाही सापडलं तर तो कोरा ठेवून कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहायचं, 'माहीत नाही'. आणि बहुतेक पानांवर तेच असायचं.

आठवीत असताना मी वर्गात 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'ची, म्हणजे धो धो पाऊस कोसळण्याची, एक झकास कथा मनाने रचून सांगितली. मुली खूश झाल्या. अण्णांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी मला सगळ्या शाळेपुढे उभं केलं आणि म्हणायला लावलं, "काल मी सांगितलं ते खोटं होतं. खरं काय ते मला माहीत नाही." तो राग अजून गेलेला नाही. पण पुढे इंदूरच्या कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवताना मीही तेच करत आले. इंटरनेटवरच्या भाकडकथा उचलून आणणाऱ्या पोरांची मी भर वर्गात सालटी काढली आहेत.

आणि आता त्याच माणसाच्या फोटोखाली हे! 'रेड टेप', म्हणजे सरकारी कामाची रखडपट्टी. कागदपत्रांना बांधायच्या लाल फितीवरून हा शब्द आला, इथवर ठीक. पण प्रुफात पुढे होतं की ती फीत भैरवगढचे रंगारी रंगवायचे, रंग पक्का बसायला महिने लागायचे, म्हणून साहेबाच्या फायली अडायच्या. 'लेट द कॅट आउट ऑफ द बॅग', म्हणजे गुपित फोडणं. तर म्हणे रामघाटावर एका पंड्याच्या थैलीतून मांजर निसटलं आणि एका गोऱ्या मडमेने ते पाहिलं. जगातला प्रत्येक वाक्प्रचार जणू उज्जैन स्टेशनावरच गाडीतून उतरला होता. यातली एकही गोष्ट मी अण्णांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

फ्रीगंजातल्या घराचं दार सुहासच्या बायकोने, गौरीने उघडलं. "या ताई. पोहे करतेय."

"पोहे राहू देत. कुठाय तो?"

तो बाहेरच्या खोलीत चष्मा लावून बसला होता. मी प्रूफ त्याच्या पुढ्यात आपटलं.

"तिसरा रकाना कुणी भरला?"

"का? काय झालं त्याला?"

"थापा आहेत सगळ्या! ज्या माणसाने जन्मभर 'माहीत नाही' लिहिलं, त्याच्या तोंडी तू हे घालतोस? त्यांचे विद्यार्थी हसतील. लाज नाही वाटत?"

तो पानं उलटत गेला. प्रत्येक पानावर माझ्या लाल रेघा. त्याचा चेहरा कडक होत गेला.

"सगळ्या काटल्यास?"

"एकूण एक."

"एक पण ओळखीची नाही वाटली?"

"तुझ्या डोक्यातून निघालेली माझ्या ओळखीची कशी असेल?"

"ताई, तुला सच में काही आठवत नाही?"

"नाटकं करू नकोस, सुहास."

तो उठला. कपाटातून वही काढून त्याने माझ्या मांडीवर टाकली. टाकलीच, दिली नाही. भैरवगढच्या छापील कापडाचं कव्हर मीच कधीतरी घातलं होतं.

कोरे रकाने भरलेले होते. अक्षर मोठं, उतरत उतरत खालच्या ओळीत शिरलेलं. पण 'ळ'ची ती लांब शेपूट अण्णांशिवाय कुणाची नव्हती. प्रत्येक गोष्टीखाली तारीख होती, आणि तारखेपुढे तीच तीच ओळ: 'जयूला सांगितली.'

जयू म्हणजे मी. तारखा सगळ्या रविवारच्या.

दर रविवारी अकरा वाजता मी अण्णांना फोन करायची. स्पीकर चालू करून मोबाइल ओट्यावर ठेवायचा, भाजी चिरायची, नाहीतर पेपर तपासायचे. "काय अण्णा, आज कुठला?" हे माझं ठरलेलं वाक्य. ते बोलत राहायचे. मी मधूनमधून "हो का" म्हणायची, "वा" म्हणायची. शेवटी म्हणायची "छान". सत्तावन्न रविवार मी छान म्हटलं होतं.

"डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांना डिक्शनरी वाचता येईना," सुहास म्हणाला. तो माझ्याकडे बघतही नव्हता. "पहिले काही रविवार तू विचारायचीस, ते सांगायचे, माहीत नाही. तू दोन मिनिटांत फोन ठेवायचीस. मग एक दिवस त्यांनी गोष्ट बनवली. त्या दिवशी तू पंधरा मिनिटं होतीस."

"तू त्यांना अडवलं नाहीस?"

"म्हटलं ना. म्हटलं, अण्णा, हे झूठ आहे, ताई प्रोफेसर आहे, एका मिनिटात पकडेल. तर हसले. म्हणाले, पकडू दे. पकडलं की भांडायला येईल. दीड तासाचा तर रस्ता आहे."

तो थांबला नाही.

"दर हप्त्याला थाप मोठी करत गेले. मांजर काय, मडम काय. फोन झाला की इस्त्रीचा सदरा घालून इथे दारासमोर बसायचे. संध्याकाळपर्यंत. गौरीला विचार."

गौरी पोह्यांची बशी घेऊन दारात उभी होती. तिने मान खाली घातली.

"मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी मना केलं होतं. आणि मी का सांगू? तू ऐकत होतीस ना!"

शेवटच्या चार गोष्टींपुढे 'जयूला सांगितली' नव्हतं. त्या महिन्यात मी बंगलोरला अमृताकडे, माझ्या लेकीकडे होते आणि फोन राहून गेले. सगळ्यात शेवटचा वाक्प्रचार 'अंडर द वेदर', तब्येत जराशी बरी नसणं. महिदपूरच्या छावणीतल्या कुठल्याशा डॉक्टरची चार ओळींची गोष्ट. अक्षर जवळजवळ लागत नव्हतं. खाली लिहिलं होतं, 'जयूला सांगायची आहे.'

मला रडू आलं नाही. संताप आला. अण्णांचा आला. ये म्हणून सरळ सांगता येत नव्हतं? पोरीला असं जाळ्यात धरायचं? आणि लगेच कळलं की सरळ सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, परीक्षा होऊ देत अण्णा, मग येते. तसं मी म्हटलंही होतं. कितीदा तरी. मला माझी शिसारी आली.

"मला वाटलं प्रूफ वाचून तू रडशील," सुहास म्हणाला. "तू लाल पेन काढलंस. चल, आलीस तर खरी भांडायला. एक वर्ष लेट." त्याने घड्याळ पाहिलं. "दिलीपच्या प्रेसवर पाचपर्यंत प्रूफ द्यायचंय. बोल, छापू की काटू?"

छापलं तर अण्णा खोटारडे ठरणार होते, चाळीस वर्षांच्या विद्यार्थ्यांपुढे. काटलं तर त्यांनी माझ्यासाठी केलेलं जे शेवटचं, तेच मी दुसऱ्यांदा फेकून देणार होते. मी प्रुफाचं मागचं कोरं पान घेतलं आणि त्याच लाल पेनाने लिहिलं, 'वहीच्या सुरुवातीला छापावे: तिसऱ्या रकान्यातल्या एकसष्ट गोष्टी खोट्या आहेत. मास्तरांना ते माहीत होते. त्यांनी त्या आपल्या मुलीला सांगण्यासाठी रचल्या.'

सुहासने वाचलं. "अधुरं आहे."

"आता काय राहिलं?"

"मुलगी ऐकत नव्हती, ते."

त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली मला. "अहो, बस करा ना," गौरी म्हणाली. तो हलला नाही. मी पेन उचललं आणि लिहिलं.

साडेचारला मी एकटीच प्रेसवर गेले. दिलीप इथला जुना माणूस, मराठी बऱ्यापैकी वाचतो. त्याने माझं पान दोनदा वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, ये आखिरी लाइन भी छापनी है?"

"छापिए," मी म्हटलं. "और नीचे मेरा नाम डालिए."