पाच नावांचे एक रक्त

सन दोन हजार चोवीस, फेब्रुवारी महिन्यातला एक शनिवार, सकाळची अकराची वेळ. स्थळ, ठाण्यातील माजिवडा नाक्याजवळची एक खाजगी रक्ततपासणी प्रयोगशाळा. काउंटरवरच्या मुलीने नाव विचारताच रत्नदीपने क्षणाचाही विलंब न लावता "महेंद्र" असे सांगितले. कल्याणला आईबरोबर राहणारा, घोडबंदर रोडवरच्या एका कंपनीत नोकरी करणारा हा तिशीतला तरुण एचआयव्हीची चाचणी पाचव्यांदा करवून घेत होता, आणि पाचव्यांदा परक्या नावाने! शीळफाट्याला तो पोपट झाला होता, डोंबिवलीत भगवान.

गेल्या जूनमध्ये, ऑफिसच्या सहलीत, दारूच्या अमलाखाली एका अनोळखी स्त्रीशी त्याचा असुरक्षित संबंध आला. महिन्याभराने धास्तावून त्याने पहिली चाचणी केली. दोष आढळला नाही. मात्र "तीन महिन्यांनी परत करा, म्हणजे पक्कं," असा सल्ला मिळाला. सल्ला बिनचूक होता. पण त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तोंड दाखवायचे कसे? म्हणून तो दुसरीकडे गेला, दुसऱ्या नावाने, आणि "सहज करतोय" म्हणाला. तिथल्या माणसानेही, नवखा समजून, त्याला तीच सूचना दिली. मग तिसरीकडे, मग चौथीकडे. दोष कुठेच आढळला नाही, पण त्याला खात्री पटेना. घसा खवखवला की त्याला लक्षण दिसे. तोंड आले की शेवट दिसे. दरम्यान मेघनाशी त्याची सोयरीक जमली होती, आणि बुद्धविहारात ठरलेली लग्नाची तारीख त्याने प्रमोशनचे निमित्त काढून दोनदा पुढे ढकलली होती.

"महेंद्र"च्या रक्तातही दोष निघाला नाही, आणि त्याची भीतीही गेली नाही. त्याच संध्याकाळी मेघना डोंबिवलीहून थेट त्याच्या घरी आली. त्याची आई रमाबाई म्हणाल्या, "अगं, उभी का? बस, चहा टाकते."

"चहा नंतर, आई. आधी याच्याशी दोन शब्द बोलायचेत." तिने त्याला गॅलरीत नेले. "हे बघ, माझे पप्पा म्हणतायत तिसऱ्यांदा तारीख मागणार नाही. तुला लग्न नको असेल तर सरळ सांग. दुसरी कोणी आहे का?"

"नाही गं."

"मग काय आहे?"

रत्नदीपने मान खाली घातली आणि सारे सांगून टाकले. मेघनाने गॅलरीचा कठडा धरला. तिचे डोळे भरले होते. आवाज मात्र भरला नाही.

"ते आपलं जमायच्या आधीचं. त्याचं मला वाईट वाटतंय, पण ते मी बघेन. पाच वेळा टेस्ट केलीस आणि एकदा पण मला बोलला नाहीस? आणि पोपट? अरे, खोटं नाव तरी धड घ्यायचंस!"

सोमवारी दोघे पालिकेच्या रुग्णालयातल्या समुपदेशन केंद्रात गेले. तिथल्या डॉक्टर सुहासिनी, केस पिकलेल्या आणि बोलण्यात चोख, यांनी प्रथम रत्नदीपलाच विचारले, "या इथे बसलेल्या तुम्हाला चालतील का? तुमच्या संमतीशिवाय इथली गोष्ट कोणालाही कळत नाही."

"चालतील. यांनीच आणलंय मला."

त्याने या वेळी खरे नाव सांगितले, आणि जूनपासूनची सारी हकीकतही, खोट्या नावांसकट. रक्त दिले. अर्ध्या तासाने डॉक्टर म्हणाल्या, "एचआयव्ही नाही."

आणि रत्नदीप लगेच म्हणाला, "पण मॅडम, टेस्ट चुकू शकते ना?"

"शकते. पण कशी, ते ऐका. संसर्गाची खूण रक्तात उमटायला काही आठवडे लागतात. त्याआधी तपासलं, तर ती सापडत नाही. म्हणून आम्ही तीन महिने धरतो. त्यानंतरही खूण नाही, आणि मध्ये नवा धोका पत्करलेला नाही, तर संसर्ग नाही. खूण दिसलीच, तरी आम्ही एका चाचणीवर विसंबत नाही; निराळ्या चाचण्यांनी पडताळतो. तुमचा जून कुठे आणि हा फेब्रुवारी कुठे! बरं, आजवर हा जून तुम्ही कोणत्या प्रयोगशाळेत सांगितलात?"

"कुठेच नाही."

"मग त्यांनी काय करावं? खोट्या नावाने रक्त बदलत नाही. तुम्ही घटनेची तारीख लपवलीत, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी तुमचे तीन महिने नव्याने सुरू झाले! चाचणी तुम्हाला फसवत नव्हती. तुम्ही तिला पूर्ण प्रश्नच विचारला नव्हतात."

"पण घसा सारखा..."

"घसा आम्हा सगळ्यांचाच खवखवतो, शहरात धूळ काय थोडी आहे? घशावरून एचआयव्ही ओळखता येत नाही. त्या वेळी बहात्तर तासांच्या आत आला असतात, तर संसर्ग रोखणारी औषधं देता आली असती. तेव्हा लाजलात, आणि मग आठ महिने भ्यालात. पुन्हा भीती दाटली, तर रक्त द्यायला नको, बोलायला या. भीतीवरही उपचार असतात."

"माझीपण तपासणी करा," मेघना मध्येच म्हणाली. "लग्नाआधी दोघांची व्हायला हवी ना?"

"शाब्बास! हे मी प्रत्येक जोडप्याला सांगते. सिफिलिस आणि कावीळ बी यांच्याही चाचण्या दोघांच्या करून घेऊ."

रत्नदीपने खिशातून फोन काढला. शीळफाट्याच्या दुसऱ्या एका प्रयोगशाळेत पुढच्या आठवड्याची वेळ त्याने आधीच घेऊन ठेवली होती. ती त्याने रद्द केली, आणि आठ महिन्यांत प्रथमच त्याचा श्वास पोटापर्यंत पोहोचला.

नागरिक बंधुभगिनींनो, विज्ञान आपल्याकडे नीतीचा दाखला मागत नाही. ते फक्त खरी हकीकत मागते. ती देण्याची लाज वाटते, म्हणून आपण खात्रीलायक उत्तरालाही संशयित ठरवतो आणि निरोगी शरीरात आजाऱ्याचे आयुष्य जगतो. शंका आली तर वेळेवर जावे, खरे सांगावे, सांगितलेल्या मुदतीने पुन्हा तपासावे, आणि उत्तर आले की ते मानावे!

रुग्णालयाच्या पायऱ्या उतरताना रत्नदीपने दबकत विचारले, "आता पप्पांना काय सांगशील?"

मेघना थांबली. "लग्न होणार, हे सांगेन. तू आजारी नव्हतास रत्नदीप, घाबरट होतास. घाबरट माणसाशी संसार करता येतो, लपवणाऱ्याशी नाही."