मुठीतली ढील

तिनं माउसच्या पोटाखालची कळ दाबली, त्याची पाठ वर ओढली आणि टक् असा आवाज होऊन मूठ उभी राहिली. टेबलावर टेकलेला असला की तो साधा माउस, उभा केला की जॉयस्टिक. बंदरावरच्या क्रेनचालकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव बेडूक ठेवलं होतं, आणि पुढे कचेरीतल्या सामानाच्या यादीतही तो बेडूक म्हणूनच चढला. चालकांच्या परीक्षेसाठी खऱ्या केबिनसारखी खुर्ची आणि दांडे मागवलेले होते, ते येईपर्यंत याच्यावर भागवायचं असं ठरलं होतं. त्याला आता तीन वर्षं झाली होती. मागवलेलं सामान कुठल्या बंदरात अडकलं होतं देव जाणे.

तिनं मूठ डावीकडे झुकवली. पडद्यावरची क्रेन डावीकडे सरकली. उजवीकडे झुकवली, उजवीकडे. सगळं ठीक होतं. सकाळपासून दोघा चालकांची वार्षिक परीक्षा झाली होती, दोघंही पास होऊन चहाला गेले होते. परीक्षक खिडकीशी उभे राहून फोनवर बोलत होते. तिसरं नाव तिच्या वडिलांचं होतं.

तिनं एकदा परीक्षकांच्या पाठीकडे पाहिलं आणि बेडकाचं सेटिंग उघडलं. चौथ्या ओळीत लिहिलं होतं, ढील. मूठ किती हलली म्हणजे यंत्रानं तिची दखल घ्यायची, ते तिथं ठरायचं. आकडा चार होता. सगळ्यांना चारच. तिनं चार खोडून अठरा केले. आता हात थोडासा थरथरला तरी यंत्राला पत्ता लागणार नव्हता. खाली बारीक अक्षरांत वेळ उमटली आणि वेळेपुढे तिचं नाव. ती नोंद आजवर कुणी उघडून पाहिली नव्हती, कारण पाहायची वेळच कुणावर आली नव्हती. तिनं सेटिंग बंद केलं.

दोन महिन्यांपूर्वी घरी तिला पहिल्यांदा तो आवाज आला होता. बाबा वर्तमानपत्र वाचत बसले होते आणि कागद एकसारखा फडफडत होता. पंखा बंद होता. मग तिचं लक्षच लागून राहिलं. नुसते बसले की बाबा उजवा हात मांडीखाली घालत. चालताना खिशात. बशीत ठेवलेल्या कपाच्या कानाला बोट लावून गप्पा मारत बसले, की कप बशीवर किणकिणायचा. त्यांनी सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. घरात या विषयाला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

आज सकाळी बाबा आंघोळीला गेले तेव्हा आई तिच्याजवळ येऊन उभी राहिली.

“तू तिथंच बसतेस ना त्या यंत्रापाशी?”

“हो.”

“मग बघ काहीतरी.”

“काय बघू, आई?”

“मला काय कळतंय त्यातलं? पण ते खाली आले तर वर्षभर तरी तगतील का, तूच सांग.”

खाली म्हणजे फाटकावर. नापास झालेल्या चालकाला फाटकावर बसवत, ट्रकवाल्यांच्या पावत्यांवर शिक्के मारायला. निवृत्तीला चार वर्षं राहिली होती. एकतीस वर्षं जो माणूस दहा मजले उंचीवरच्या काचेच्या खोलीतून कंटेनर उचलत आणि ठेवत आला, ज्याला अख्खं बंदर उस्ताद म्हणायचं, तो खुर्चीत बसून शिक्के मारतोय, हे तिला नुसतं डोळ्यांपुढे आणवेना. म्हणून अठरा.

दार उघडलं. बाबा आत आले. धुतलेला शर्ट, केस पाणी लावून बसवलेले, उजवा हात खिशात.

“या उस्ताद,” परीक्षक फोन ठेवत म्हणाले. “तुमची परीक्षा घ्यायची म्हणजे मलाच लाजल्यासारखं होतं.”

“घ्या हो. ही भातुकली वर्षातून एकदा खेळावीच लागते.” बाबा खुर्चीत बसले. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. कामावर ते तिच्याशी कधी घरच्यासारखं वागत नसत. ती त्यांच्यासाठी संगणकवाली बाई होती आणि ते तिच्यासाठी यादीतलं एक नाव.

परीक्षकांनी नियम वाचून दाखवले, जसे ते सगळ्यांना दाखवायचे. ट्रकवरून कंटेनर उचलायचा, भिंतीवरून पलीकडे न्यायचा आणि पिवळ्या चौकटीत ठेवायचा. वाटेत खाली माणसं काम करत असतील. कंटेनर माणसाला लागला की परीक्षा तिथंच संपली.

“समजलं,” बाबा म्हणाले आणि त्यांनी खिशातून हात काढला.

ती बघत राहिली. खिशातून बाहेर येताना हात थरथरत होता, अंगठा बोटांवर घासल्यासारखा हलत होता. मग तो मुठीवर गेला, मुठीभोवती मिटला आणि थांबला. अगदी थांबला. चौरंगावर पितळेचं भांडं ठेवावं तसा. तिला वाटलं, आपला काहीतरी भास होतोय.

तिच्यासमोरच्या छोट्या पडद्यावर दोन रेघा चालायच्या. वरची चालकाच्या हाताची, खालची क्रेनची. वरच्या रेघेत थरथर दिसेल, खालची सरळ राहील, असं तिनं मनाशी धरलं होतं. वरची रेघ फूटपट्टीनं ओढल्यासारखी सरळ होती.

तेव्हा तिला कळलं.

बाबांचा हात थरथरायचा तो त्याला काम नसताना. कामाला लागला की थरथरत नव्हता. हे तिला माहीत असायचं काही कारणच नव्हतं. इतक्या वर्षांत तिनं बाबांना काम करताना जवळून पाहिलंच कुठं होतं? ते वर काचेत असत, ती खाली. तिनं पाहिलेला हात घरातला होता, वर्तमानपत्र धरलेला, नाहीतर मांडीखाली दडवलेला.

कंटेनर उचलला गेला. भिंतीच्या वर आला. बाबांनी क्रेन पुढे घेतली आणि थांबवली, आणि कंटेनर झुलायला लागला, जसा कुणाच्याही हाती झुलतो. झोका मारायची, म्हणजे झुलणं थांबवायची, रीत चालकाचालकाची वेगळी. बाकीचे लोक मूठ जोरात इकडून तिकडे ओढत. उस्तादांची रीत बंदरात प्रसिद्ध होती. कंटेनर ज्या बाजूला निघाला, त्याच बाजूला त्याच्या मागे क्रेन जराशी न्यायची, टिचकी मारावी तेवढीच. अशा तीन-चार टिचक्या मारल्या की कंटेनर शहाण्यासारखा उभा राहायचा.

बाबांनी टिचकी मारली. वरच्या रेघेवर छोटासा उंचवटा आला. खालची रेघ सपाट. दुसरी टिचकी. पुन्हा वर उंचवटा, खाली काही नाही. बेडूक एकेक टिचकी गिळत होता. ढील अठरा होती.

बाबांच्या कपाळावर आठी आली. कंटेनर आता चांगलाच झुलत होता. त्यांनी मूठ जरा जास्त झुकवली, तेवढ्यानं ती अठराच्या पलीकडे गेली आणि क्रेन एकदम हिसका खाऊन पुढे पळाली. झोका दुप्पट झाला.

तिचं बोट कळफलकावर गेलं. आकडा बदलायला दोन सेकंद लागले असते. पण परीक्षा चालू असताना काही बदललं की परीक्षकांच्या पडद्यावर लाल पट्टी यायची, आणि परीक्षक डोळ्यांत तेल घालून बघत होते. तिनं बोट मागे घेतलं. आपण भित्र्या आहोत हे तिला तेव्हा स्वतःबद्दल अगदी स्पष्ट कळलं, आणि तरीही तिनं बोट मागेच ठेवलं.

“सावकाश, उस्ताद,” परीक्षक न राहवून म्हणाले.

कंटेनर एकदा मागे गेला, पुढे आला आणि खालच्या पिवळ्या टोपीवाल्या चित्रातल्या माणसाला त्याचा कोपरा लागला. माणूस लाल झाला. पडद्याच्या कोपऱ्यात फुली उमटली.

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला, जो पुसायची काही गरज नव्हती.

बाबांनी मूठ सोडली नव्हती. त्यांनी ती जराशी डावीकडे हलवली. मग जराशी उजवीकडे. पडद्यावरची क्रेन काही हलली नाही. पुन्हा एकदा त्यांनी तसंच केलं, दाराची कडी लागली की नाही हे चाचपून बघावं तसं. मग हात काढून घेतला आणि खिशात घातला.

“साहेब, दुसरी संधी असते ना?”

“असते. पण पहिली का गेली त्याचं कारण लिहून द्यावं लागतं.”

“देईन. आधी पाच मिनिटं द्या, तोंडावर पाणी मारून येतो.” ते उठले आणि दाराशी जाऊन थांबले. तिच्याकडे न बघता म्हणाले, “बाई, तोवर हा बेडूक जरा पुसून ठेवा. हाताला लागत नाहीये.”

परीक्षकही पाय मोकळे करायला बाहेर गेले. ती एकटी उरली. तिनं सेटिंग उघडलं. अठरा खोडून चार लिहिताना एकदा चुकून पाच झाले. शेवटी चार झाले. खाली पुन्हा वेळ उमटली, पुन्हा तिचं नाव. मग तिनं खरंच फडकं घेऊन मूठ पुसली. बाबांना कळलं होतं. कशावरून कळलं, किती कळलं, ते तिला ठाऊक नव्हतं, पण कळलं होतं. तिला रडू येत होतं आणि रडायला तिथं जागा नव्हती.

बाबा परत आले. बसल्याबसल्या त्यांनी एक टिचकी मारली. पडद्यावरची क्रेन तेवढीच हलली. त्यांनी मान हलवली आणि काम सुरू केलं.

दुसऱ्या वेळचं काही सांगण्यासारखं नाही, इतकं ते सरळ झालं. कंटेनर उचलला, भिंतीवरून गेला, तीन टिचक्यांत उभा राहिला, आणि पिवळ्या चौकटीत असा उतरला की चारही बाजूंनी सारखी रेघ दिसत होती. खालची माणसं आपापली कामं करत राहिली. तिच्या छोट्या पडद्यावर वरची रेघ आणि खालची रेघ एकमेकींच्या सख्ख्या बहिणी वाटत होत्या.

“हे उस्ताद मला माहीत आहेत,” परीक्षक म्हणाले. त्यांच्याही जिवात जीव आला होता. “मग मघाशी काय झालं होतं? इथं लिहा तेवढं.”

त्यांनी कागद पुढे सरकवला. बाबांनी पेन उचललं. कागदावर टेकेपर्यंत ते हवेत हललं, टेकल्यावर हललं नाही. त्यांनी एकच ओळ लिहिली आणि कागद परत दिला.

परीक्षकांनी ती वाचली. मग चष्मा वर करून पुन्हा वाचली.

“‘पहिल्या वेळी चालक घाबरला.’ उस्ताद, हे काय लिहिलंत?”

“झालं ते लिहिलं.”

“असा शेरा पडला तर पुढे काय होतं, माहीत आहे ना? वर्षाची परीक्षा दर तीन महिन्यांनी द्यावी लागते. खाली माणसं असतील तिथं लोड उचलायला मनाई. म्हणजे तुमच्या धक्क्यावरचं अर्धं काम गेलंच.”

“माहीत आहे.”

“आणि कागदावर कायमचं राहतं. एकतीस वर्षांत तुमच्या नावापुढे एक शब्द नाही.” परीक्षकांनी आवाज खाली आणला. “यंत्रात काही होतं का? मला तसं वाटलं म्हणून विचारतो. असेल तर सांगा. नोंद उघडायला किती वेळ लागतो?”

“यंत्र बरोबर आहे, साहेब. ते कुणाचं वाईट करत नाही.” बाबा उठले. “बाईंनाही त्यांची कामं असतील. आटपा आता.”

वादळात क्रेन हलत असताना खाली उतरायला नकार दिलेला हा माणूस. घाबरला हा शब्द त्यांच्या तोंडी तिनं जन्मात ऐकला नव्हता, आणि आज तो त्यांनी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या नावापुढे लिहिला होता. तेही इतक्या सुबक अक्षरात, की खोडायलाही कुणाला जीव होऊ नये.

परीक्षकांनी उसासा टाकला. “तुमची मर्जी.” त्यांनी मूठ खाली दाबली, टक् झालं, बेडकाचा पुन्हा माउस झाला. त्यांनी शेरा टाइप केला, शब्दाला शब्द. मग माउसवर हात ठेवला. बाण पडद्यावरून सरकत सरकत ‘पक्कं करा’ या चौकोनाकडे निघाला.

तिनं हात पुढे केला आणि परीक्षकांच्या हातावर ठेवला. असं काही ती आयुष्यात कधी करेल असं तिलाच वाटलं नव्हतं. परीक्षक दचकले.

“बाई?”

“अगं,” दाराशी पोचलेले बाबा म्हणाले. कामाच्या जागी ते पहिल्यांदाच तिला अगं म्हणाले. “जाऊ दे.”

तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिनं जाऊ दिलं असतं.

“घाबरले होते ते बाबा नव्हते, साहेब,” ती म्हणाली. “तुम्ही नोंद उघडा.”