क्लचला तेल

आमच्या घरात काहीही कुरकुरलं तरी उपाय एकच, तेल. दार असो, पंखा असो, कपाट असो. सासूबाईंची हयात शिलाई मशीनवर गेली, त्यामुळे तेलाची कुपी त्यांच्या हाताशीच असते. मी कुरकुरायला लागले तेव्हा मात्र त्यांनी माळ्यावरून एक पत्र्याचा डबा काढून माझ्यासमोर आदळला. आत माझ्या नवऱ्याचे लहानपणीचे जोडठोकळे होते, चाकं, दांडे, दातेरी चकत्यांसकट.

"यांच्यावर काय राग काढायचा तो काढ," त्या म्हणाल्या. "माणसांवर खेकसू नकोस."

खेकसत होते हे खरं. गिअरबॉक्स दुरुस्तीचा आमचा कारखाना बंद पडल्यापासून मी घरी होते आणि माझे हात नुसते शिवशिवत होते. वाहन दुरुस्ती शिकवणाऱ्या एका संस्थेत शिक्षिकेची जागा निघाली होती. मुलाखतीत क्लच शिकवून दाखवायचा होता. याआधी दोन ठिकाणी मी तोंड वर करून गेले आणि तोंड पाडून परत आले. घरात माझी जीभ कात्रीसारखी चालते, पण परक्या माणसांसमोर उभं केलं की दातखीळ बसते. या वेळीही तसंच झालं असतं तर हातात पुन्हा पाना येण्याची आशा मी सोडून दिली असती. म्हणून ठरवलं, बोलायचं कमी, दाखवायचं जास्त. खरा क्लच पोलादी डब्यात बंद असतो, चालताना दिसत नाही. ठोकळ्यांचा दिसला असता.

आधी साधं कप्लिंग केलं. समोरासमोर दोन दांडे, टोकांना दातेरी चकत्या. दाते एकमेकांत अडकले की दोन्ही दांडे एकत्र फिरतात. पण एक फिरत असताना दुसरा जोडायला जा, कडकड आवाज होतो आणि ठोकळे खोलीभर उडतात. नवऱ्याच्या चहात एक पडला. "क्लच कशाला लागतो ते कळलं," तो म्हणाला.

मग क्लच केला. चकत्यांच्या जागी दोन रबरी टायर, गालाला गाल लावून. रबर बँड त्यांना एकमेकांवर दाबून धरतो, तरफ ओढली की एक टायर मागे सरकतो. एकीकडे बॅटरीवरची छोटी मोटर, दुसरीकडे दांड्याला गुंडाळलेला दोरा आणि दोऱ्याला सासूबाईंची कात्री. तरफ सोडली की टायर क्षणभर घसरत, मग पकड घेत, आणि कात्री अलगद वर जाई. मी ते इतक्या वेळा केलं की सासूबाईंना कापड कापायला कात्री मिळेना.

मुलाखतीच्या सकाळी तरफ सोडली. मोटर घुं घुं करत राहिली आणि कात्री जागची हलली नाही.

रबर बँड बदलला. बॅटऱ्या बदलल्या. टेबल तिरकं आहे म्हणून टेबलावर चिडले. नाचता येईना अंगण वाकडं! शेवटी टायरला बोट लावलं तर बोट चकाकलं आणि ओळखीचा वास आला.

"आई!"

सासूबाई दारात आल्या. "कुरकुरत होतं गं ते. म्हटलं तुझा आजचा महत्त्वाचा दिवस, दोन थेंब सोडावेत."

"आई, हे घासूनच चालतं! घर्षणावर! याला तेल म्हणजे धावणाऱ्याच्या पायाखाली साबण!"

मी आणखीही पुष्कळ बोलणार होते. पण त्यांचा चेहरा इतका उतरला की शब्द गिळले. त्यांनी मुकाट्याने टायर काढले, भांड्याच्या साबणाने घासले, पंख्याखाली धरले. "वरून थोडी पावडर...?" त्यांनी विचारलं. "काहीही लावू नका!" मी ओरडले आणि मॉडेल उचलून निघाले.

संस्थेत टेबलापलीकडे दोघे बसले होते, प्राचार्य आणि कार्यशाळेच्या प्रमुख बाई. मी तरफ सोडली. कात्री अर्ध्यावर गेली, थांबली, आणि हळूहळू खाली आली. चाकाच्या खाचेत राहिलेलं तेल पुन्हा बाहेर आलं होतं.

माझी दातखीळ बसायची तीच ही वेळ. पण मला भीतीऐवजी संताप आला, त्या टायरचा, आणि संतापात मी कधीच अडखळत नाही.

"घसरतोय," मी म्हणाले. "का घसरतोय ते बघा." आणि भराभर क्लच उघडला. टायर दोघांच्या बोटांना लावला. तेल दांडा फिरतो त्या भोकात हवं, या तोंडांवर नको. गाडीत तेल अडवणारं सील गळलं की हेच होतं, इंजिन बोंबलतं आणि गाडी चढावर रडते. बोलता बोलता ओढणीनेच टायर कोरडा केला, खाच पुसली, परत जोडलं, तरफ सोडली. टायर घसरला, मग त्याने पकड घेतली, आणि कात्री थेट वर गेली.

इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"छान युक्ती," प्रमुख बाई म्हणाल्या. "आधी तेल लावून बिघाड दाखवायचा. मुद्दाम केलंत ना?"

"नाही हो. माझ्या सासूबाईंनी केलं."

प्राचार्यांना हसताना ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "सोमवारी रुजू व्हा."

घरी आले तर शिलाई मशीनवरचं कापड सकाळी होतं तिथेच होतं. सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. दिवसभर जेवल्याही नव्हत्या.

"गेली ना नोकरी?" त्यांनी न वळताच विचारलं.

"लागली, आई."

त्या वळल्या, माझ्याकडे पाहिलं आणि पदराने तोंड झाकून रडू लागल्या. मीही रडले. कितीतरी वेळाने त्यांनी डोळे पुसले.

"आणि माझ्यामुळे गेली असती तर? बोलली असतीस माझ्याशी?"

मला खोटं बोलता येत नाही. "नसते बोलले. निदान दोन दिवस."

"दोनच?" त्या म्हणाल्या, "मी सकाळपासून जन्मभराच्या अबोल्याचा हिशोब धरून बसलेय!" आणि उठून दोघींची पानं वाढायला गेल्या.